कॉर्नक्रेकची साद आणि आयर्लंडमधील गवताची कापणी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील डोनेगल, मेयो आणि गॉलवे या काउंट्यांमध्ये मे-जूनच्या रात्री गवताच्या शेतांतून एक कर्कश करकर ऐकू येते. फणीच्या दातांवरून काडी ओढावी तसा हा आवाज कॉर्नक्रेक या पक्ष्याचा होय. आपल्याकडील पाणकोंबडीच्या कुळातील हा लाजाळू पक्षी हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि एप्रिलअखेरीस आयर्लंडमध्ये परततो. तो सहसा दृष्टीस पडत नाही; नराच्या रात्रभर चालणाऱ्या सादेवरूनच त्याचा ठावठिकाणा कळतो. या सादेने झोपमोड होते, अशी तक्रार पूर्वी ग्रामीण घरांतून सर्रास ऐकू येई. आज तिच्याच आठवणीने वृद्ध मंडळी हळहळतात.

एकेकाळी आयर्लंडच्या सर्व भागांत आढळणाऱ्या या पक्ष्याच्या साद घालणाऱ्या नरांची संख्या १९८८ मध्ये सुमारे ९०० होती. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत ती दोनशेच्याही खाली गेली. या ऱ्हासाचे मुख्य कारण गवत कापण्याच्या बदललेल्या पद्धतीत आहे. पूर्वी उन्हाळा सरताना गवत कापून वाळवले जाई. आपल्याकडील इर्जिकीप्रमाणे शेजारीपाजारी एकमेकांच्या शेतावर राबत. या प्रथेला तेथे 'मेहल' म्हणतात. मात्र पावसाळी हवेत गवत वाळवणे बेभरवशाचे असते. ओले गवत दाबून टिकवण्याची मुरघासाची पद्धत आल्यावर शेतकऱ्याची ही चिंता मिटली आणि वर्षातून अनेक कापण्या शक्य झाल्या. शेतकऱ्याला यात दोष देता येणार नाही. परंतु पहिली कापणी मे-जूनमध्येच, म्हणजे जमिनीवरील घरट्यांत अंडी किंवा पिल्ले असतानाच होऊ लागली.

यंत्र शेताच्या कडेने फिरत आत येते, तेव्हा उघड्यावर येण्यास घाबरणारे पक्षी मध्यभागी सरकत जातात आणि अखेरच्या पट्ट्यात सापडतात. उडता न येणाऱ्या पिल्लांना तर सुटकेचा मार्गच उरत नाही. यावरचा उपाय अगदी साधा आहे. कापणी मध्यापासून सुरू करून सावकाश बाहेरच्या बाजूस करावी आणि कडेला न कापलेला पट्टा राखावा. कापणी ऑगस्टपर्यंत लांबवली तर दुसऱ्या विणीलाही संधी मिळते. उशिरा कापलेल्या गवताचा कस कमी होतो. त्यामुळे होणारे नुकसान भरून देण्यासाठी शेतकऱ्यांना सरकारी अनुदान दिले जाते.

मग शेती थांबवली तर पक्षी वाचेल काय? तसेही नाही. परत आलेल्या पक्ष्याला सुरुवातीला लपण्यासाठी खाजकुयलीसारख्या चटका देणाऱ्या नेटल वनस्पतीचे आणि पिवळ्या आयरिसचे ताटवे लागतात, तर पुढे सहज वावरता येईल असे विरळ, उंच गवत हवे असते. कापणी व चराई थांबल्यास गवत माजून जमीन त्याच्या उपयोगाची राहत नाही. त्यामुळे तरुणांनी सोडून दिलेल्या बेटांवरील पडीक शेते हाही चिंतेचा विषय आहे. तेथे गुरे राखणारे एखादे कुटुंब टिकणे पक्ष्याच्याही हिताचे असते.

संरक्षणाच्या प्रयत्नांना काही यश आले असून २०२४ मध्ये साद घालणाऱ्या नरांची नोंद दोनशेच्या वर होती. ही गणना रात्रीच करावी लागते. मध्यरात्रीनंतर कर्मचारी शेताच्या बांधावर थांबून कानोसा घेतात आणि आवाज आलेल्या शेताच्या मालकाची सकाळी भेट घेऊन कापणी लांबवण्याची विनंती करतात.