सामायिक ऊन पाण्यातील स्नान

गिरगावातील फणसवाडीसारख्या जुन्या वस्तीत वाढलेल्या मुलाला स्नान म्हटले की बादलीभर पाणी, एक तांब्या आणि खोलीच्या कोपऱ्यातील मोरी एवढेच आठवते. हे स्नान अगदी खाजगी असते आणि लवकर उरकावेही लागते. कारण कचेरीची वेळ झालेले कोणीतरी बाहेर खोळंबून उभे असते. परंतु जगात अशीही स्नाने आहेत, की जेथे माणसे अनोळखी माणसांबरोबर एकाच कुंडात उतरतात आणि स्वस्थ बसून राहतात. हमाम म्हणजे ऊन पाण्याचे असेच स्नानगृह. मुंबईच्या कोट भागातील ‘हमाम स्ट्रीट’ या नावात तो शब्द अजून टिकून आहे. सामायिक स्नानाला जाणाऱ्याने तेथे काय अनुभवास येईल हे आधी जाणून घेतले, तर त्याचा संकोच कमी होतो आणि इतरांनाही त्रास होत नाही.

‘उन्हाळे’ म्हटले की तुम्हांला मे महिन्याची सुटी आठवेल. पण कोकणात ऊन पाण्याच्या झऱ्यालाही उन्हाळे म्हणतात. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, ही गावे आपल्या नावातच झरा सांगतात. मुंबईकरांना सर्वांत परिचित असलेले झरे म्हणजे ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथले. तानसा नदीच्या काठची ही स्थाने मुंबईपासून सुमारे ७५ किलोमीटरांवर आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेत बोललेला नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे मंदिर उभारले गेले. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजेच हे ऊन पाणी, अशी तेथील आख्यायिका आहे.

भूगर्भशास्त्र मात्र वेगळे सांगते. सह्याद्री व समुद्र यांच्यामधल्या पट्टीत दक्षिणोत्तर असे झरे ठिकठिकाणी आढळतात. पुष्कळांना वाटते, की आपला काळा दगड ज्वालामुखीचा, तेव्हा ही धगही त्याचीच असावी. परंतु तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची उष्णता केव्हाच निवून गेली. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल मुरते. पृथ्वीच्या पोटात साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येते आणि येताना खडकांतील क्षार बरोबर आणते. काही झऱ्यांजवळ सडक्या अंड्यासारखा दर्प येतो तो गंधकयुक्त वायूचा. त्याने नाक मुरडू नये. थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो.

कुंडात एकदम उडी टाकणे हा मात्र शुद्ध अविचार होय. सर्व कुंडांची उष्णता सारखी नसते. सुमारे ४० अंशांचे पाणी सुखावह वाटते. त्याहून चारपाच अंश अधिक झाले की अंग पोळू लागते. म्हणून प्रथम हात, मग पाय, मग कंबर, अशा क्रमाने उतरावे. ऊन पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व रक्ताचा दाब उतरतो. अशा वेळी झटकन उभे राहिल्यास घेरी येते. दहा-पंधरा मिनिटांनी सावकाश बाहेर यावे, पाणी प्यावे, आणि भरल्या पोटी तर उतरूच नये. हृदयविकार असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी आधी वैद्यांना विचारावे. अंगावर उघडी जखम असेल, तर दुसऱ्यांच्या हितासाठी काठावरच थांबावे.

दुसऱ्यांच्या हिताचा हा विचार आपण कुंडाकाठी फारसा करीत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. कोणी कुंडातच साबण लावतो, कोणी तेथेच कपडे खळबळतो. पाणी सर्वांचे आहे ही गोष्ट या देशात सहजासहजी मान्य झालेली नाही. सावित्री नदीकाठचे सव हे असेच ऊन पाण्याचे ठिकाण. तेथून जवळच महाड आहे. ज्यांना चवदार तळ्याचे पाणी नाकारले जात होते, त्या हजारो लोकांसह २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीने प्राशन केले. असा हक्क ज्या पाण्यासाठी मिळवावा लागला, ते पाणी स्वच्छ ठेवण्यात कुचराई का व्हावी?

या बाबतीत कोरियातील लोकांची रीत पाहण्यासारखी आहे. ज्या सेजोंग राजाने १४४३ साली कोरियन भाषेला तिची स्वतःची लिपी दिली, तो १४३३ साली ओन्यांग येथील झऱ्यावर प्रकृतीसाठी जाऊन राहिला होता. आज तेथील शहरांतून ‘जिमजिलबांग’ नावाची मोठी स्नानगृहे आहेत. या शब्दाचा अर्थ शेकाची खोली. आजीने दुखऱ्या गुडघ्याला द्यावा तोच शेक. दाराशीच जोडे काढून कपाटात ठेवावे लागतात, आणि आपल्या क्रमांकाची किल्ली मनगटात अडकवायला मिळते. पुरुषांचे व स्त्रियांचे स्नानाचे विभाग अगदी स्वतंत्र असतात. तेथे कपडे उतरवून, अंगावर एकही वस्त्र न ठेवता जायचे असते. आपल्याकडील माणूस येथेच अडखळतो. पण तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही. सावकार आणि हमाल ओळखू येऊ नयेत, असे सगळे सारखेच दिसतात. मोबाईल मात्र आत नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

कुंडात उतरण्यापूर्वी बुटक्या आसनावर बसून साबणाने सर्व अंग स्वच्छ धुणे हा तेथला पहिला नियम. अंग धुवायचे ते बाहेर. कुंड केवळ शेकण्यासाठी! लांब केस बांधून घेतात, पंचा पाण्यात बुडवीत नाहीत. कोमट, ऊन, कढत आणि थंडगार अशी निरनिराळी कुंडे असतात व बहुधा प्रत्येकावर त्याचे अंश लिहिलेले असतात. अंग भिजून मऊ झाले, की खरखरीत कापडी पिशवीत हात घालून मळ काढतात. पैसे देऊन हे काम करवूनही घेता येते. आपली वजरी टाचेपुरती. ही पिशवी सर्वांगावर फिरते आणि नवख्याला चांगलीच झोंबते.

स्नान झाल्यावर तेथला सुती सदरा व अर्धी विजार घालून सर्वजण सामायिक दालनात येतात. येथे आईबाप, मुले, आजोबा पुन्हा एकत्र होतात. भोवती माती, मीठ इत्यादींनी लिंपलेल्या उष्ण खोल्या असतात. त्यांत घाम येईपर्यंत बसायचे आणि मग बाहेर येऊन निवायचे. भाजलेली अंडी आणि तांदळाचे गोड थंड पेय हा तेथला आवडता फराळ. पुष्कळ ठिकाणी ऊबदार जमिनीवर चटई टाकून रात्रभर निजताही येते. खाल्ल्याप्याल्याचा हिशेब बहुधा मनगटातील किल्लीच्या क्रमांकावर मांडलेला असतो. जाताना तो चुकता करून किल्ली परत द्यायची आणि आपले जोडे घालून बाहेर पडायचे.