घर पाहावे घेऊन, खत पाहावे वाचून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. आम्हा सीमाभागातील मराठी माणसांनी या म्हणीला आणखी एक शेपूट जोडायला हवे : खत पाहावे वाचून.

खानापूर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी निवृत्तीच्या पैशातून गावातच एक कौलारू घर घेतले. बोलणी सगळी मराठीत झाली, खत मात्र कन्नडमध्ये लिहिले गेले. "सगळं बरोबर आहे काका, करा सही," असे सांगण्यात आले आणि काकांनी सही केली. दोन वर्षांनी मागच्या परड्याला कुंपण घालायला गेले, तेव्हा कळले की खतात परडे नाहीच! 'चक्कुबंदी' म्हणजे चतुःसीमा. तिच्यात पश्चिमेला 'विकणाऱ्याची उरलेली जागा' असे लिहिले होते. पैसे परड्यासकट मोजले, पदरात पडले ते घर तेवढे. तक्रार कुणाकडे करणार? सही तर त्यांचीच होती.

भाषेची अडचण

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे अनेकांच्या ट्रंकेत आजोबांची खते मराठीत, काही तर मोडीत सापडतात. आता खते, उतारे, दाखले कन्नडमध्ये असतात. नोंदणी अधिकाऱ्यास समजत नाही आणि जिल्ह्यात प्रचलितही नाही, अशा भाषेतला दस्त भाषांतराशिवाय नोंदवू नये, असे १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम १९ सांगते. बेळगाव जिल्ह्यात मराठी प्रचलित नाही, असे कोण म्हणेल? पण तो वाद घर घेणाऱ्याने एकट्याने, विसार देऊन झाल्यावर, कचेरीच्या दारात घालण्यात अर्थ नाही. आपल्या हाती आहे ते करावे. खताचा मसुदा आठ दिवस आधी मागावा, कन्नड जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून ओळीने मराठीत उतरवून घ्यावा, आणि 'मजकूर मराठीतून समजावून सांगितला' असे वाक्य खतातच घालून घ्यावे. पुढे अन्याय झाला तर घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, गाऱ्हाणे मांडता येते.

नावांचेही असेच. आधारवर एक, उताऱ्यावर दुसरे आणि खतात तिसरे, असे एकाच माणसाचे आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आम्ही पाहिले आहे. ही दुरुस्ती खरेदीपूर्वीच करून घ्यावी.

विसार देण्याआधी

पहिली गोष्ट, उतारा. ग्रामपंचायत हद्दीतील घराला 'ई-स्वत्तू'चा नमुना ९ व ११-अ लागतो. ११-ब मिळाला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरले, असे समजू नये. शहरात ई-खाता पाहावा. शेतातला प्लॉट असेल तर बिगरशेतीचा हुकूम पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

दुसरी गोष्ट, बोजा. 'ऋणभार प्रमाणपत्र' म्हणजेच आपला बोजा दाखला. तो किमान ३० वर्षांचा काढावा. कावेरी प्रणालीवर १ एप्रिल २००४ पासूनच्या नोंदी मिळतात. त्याआधीच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांतून शोधाव्या लागतात. हा कंटाळा करू नये. जुना तंटा बहुधा तिथेच दडलेला असतो.

तिसरी गोष्ट, वारस. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा लग्न होऊन चंदगड-आजऱ्याला गेलेल्या बहिणींच्या सह्याही हव्यात. "बहिणी काही बोलणार नाहीत," या शब्दावर घर घेऊ नये.

चौथी गोष्ट, बाँडपेपर. १०० रुपयांच्या बाँडवर लिहून किंवा मुखत्यारपत्रावर घर 'विकल्याची' उदाहरणे खेड्यांत आजही आहेत. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच बजावले आहे. शिनोळीत जाऊन महाराष्ट्राच्या स्टॅम्पवर खत लिहिले तरी काम भागत नाही. मिळकत ज्या जिल्ह्यात, तिथल्याच सबरजिस्ट्रारकडे नोंदणी.

खर्च किती?

समजा, ग्रामपंचायत हद्दीतले घर २० लाखांना ठरले. मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे १,००,००० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के सेस, १०,००० रुपये. त्याच शुल्कावर ग्रामीण भागात ३ टक्के अधिभार, ३,००० रुपये. नोंदणी फी पूर्वी १ टक्का होती, ती ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाली, म्हणजे ४०,००० रुपये. एकूण सरकारी खर्च १,५३,००० रुपये. वकील, दस्तलेखक आणि बँकेचा खर्च वेगळा. घराची किंमत ठरवतानाच ही रक्कम बाजूला काढून ठेवावी. नाहीतर ऐन वेळी बायकोच्या पाटल्यांकडे नजर जाते.

खतात किंमत कमी दाखवून शुल्क वाचवू, असे सांगणारे भेटतात. सरकारी मार्गसूची दर आणि खतातली किंमत यांपैकी जी जास्त, तिच्यावरच शुल्क लागते. शिवाय व्यवहार फिसकटला तर खतात न दाखवलेले पैसे परत मागणार कशाच्या आधारावर? विसारही बँकेतूनच द्यावा. २०,००० रुपये वा त्याहून अधिक रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. पंचायतीच्या उताऱ्यावर आपले नाव चढेपर्यंत पाठपुरावा करावा आणि नवा उतारा हाती आल्यावर तोही कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. आपल्या घराची चतुःसीमा मात्र सहीच्या दिवशीच ठरते. गावात कन्नड वाचणारा एखादा शिकलेला मुलगा, मुलगी असतेच. त्यांना जवळ बसवून घ्या आणि चारही दिशा मोठ्याने वाचायला सांगा. न समजलेल्या कागदावर सही करण्यापेक्षा "उद्या येतो" म्हणून घरी परतणे केव्हाही बरे.