माशांचे पाणी बदलताना

काचेच्या पेटीतील रंगीत मासे पाहताना मन रमते. पेटीचे पाणी आठवड्यातून एकदा थोडे बदलावे लागते. पण नळाचे पाणी थेट ओतले, तर मासे तडफडू लागतात. असे का होते?

दिग्रस असो की मुंबई, नळाला पाणी सोडण्यापूर्वी त्यात क्लोरीन मिसळतात. त्यामुळे पटकी, विषमज्वर अशा रोगांचे जंतू मरतात. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या एक लिटर पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. एवढ्याने आपल्याला अपाय होत नाही. मासा मात्र कल्ल्यांनी श्वास घेतो. क्लोरीनमुळे नाजूक कल्ल्यांना इजा होते आणि त्याचा जीव गुदमरतो. पेटीतील उपयोगी जिवाणूही मरतात. माशांच्या मलमूत्रातून तयार होणारा विषारी अमोनिया हेच जिवाणू नाहीसा करतात.

उपाय सोपा आहे. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी भरून २४ तास उघडे ठेवा. अधूनमधून ढवळा. क्लोरीन हवेत उडून जातो. घाई असेल, तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. आपल्या विदर्भातील उन्हाळ्यात बादली सावलीत ठेवा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदला. पेटीतील स्पंज नळाखाली धुऊ नका. पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या.

जे पाणी आपल्याला रोगांपासून वाचवते, तेच माशाचा जीव घेऊ शकते. मुका जीव तक्रार करीत नाही. म्हणून त्याची काळजी पाळणाऱ्यानेच घेतली पाहिजे.