वलयं मोजून कारखाना चालत नाही

पायेन-पर्सोझ १८३३, ताकामिने १८९४, ब्वादँ-एफ्राँ १९१७ ही अमायलेजच्या, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या विकराच्या, इतिहासाची यादी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. कापडाची खळ काढायला जिवाणूंचं अमायलेज वापरात आलं, पुढे १९७० च्या दशकात नोव्हो कंपनीने उष्णता सोसणारं टर्मामिल हे अमायलेज बाजारात आणलं, इतकं सांगून इतिहास आटोपतो. खरी गोष्ट आमच्या मातीत आहे.

नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्याहून दोंडाईचा जवळच. तिथे मक्यापासून स्टार्च आणि ग्लुकोज काढणारा युनिव्हर्सल स्टार्च-केमचा मोठा कारखाना आहे. म्हणजे विकराचं गिऱ्हाईक दारात, आणि शेतात स्टार्चवर जगणारे बॅसिलस जिवाणू. तरी जिवाणू शोधायला आमचे काही विद्वान उठून लोणारच्या सरोवरावर जातात. लोणारचं अल्कधर्मी पाणी मोलाचं आहेच आणि आघारकर संस्थेने तिथे केलेलं कामही मोठं आहे. पण ग्लुकोजच्या कारखान्याला अल्कली नको असते. स्टार्चची राबडी मुळात आम्लाकडे झुकलेली, साधारण साडेचार सामूची. बॅसिलस लायकेनिफॉर्मिसच्या विकरासाठी ती सहाच्या आसपास आणावी लागते, वर कॅल्शियम घालावं लागतं आणि नंतर ते काढण्याचा खर्च वेगळाच. म्हणून आम्लात टिकणारं, कॅल्शियम कमी मागणारं, १०५ अंशांचा झटका सोसून ९५ अंशांवर तास-दोन तास काम करणारं अमायलेज हवं. असं विकर अल्कधर्मी पाण्यात का शोधायचं, याचं उत्तर लोणारचा हट्ट धरणाऱ्यांनी मला अजून दिलेलं नाही.

मी विद्यार्थ्यांना रनाळ्याच्या काळ्या रानात पाठवत असे. मका-ज्वारीच्या खळ्याकडेची, धान्य सांडून कुजलेली माती आणायची. ती पाण्यात कालवून ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवायची: नाजूक जिवाणू मरतात, बॅसिलसचे बीजाणू तगतात. ही एक पायरी निम्मी मेहनत वाचवते. मग विरलन, स्टार्च अगर, उबवणपेटी आणि आयोडीन. आयोडीन ओतण्याआधी प्रत्येक वसाहतीची नक्कल दुसऱ्या प्लेटवर घ्यावीच, नाहीतर हवा तोच जिवाणू हातचा जातो. आयोडीनने निळ्या झालेल्या प्लेटवर, स्टार्च पचलेल्या जागी, रंगहीन वलयं उमटताना पोरांचे चेहरे जे खुलत, त्यासाठी मास्तरकी करावी.

पण वलय ही परीक्षा नव्हे, नुसता प्रवेश. मोठं वलय देणारी वसाहत द्रव माध्यमात निकामी ठरते आणि लहानशीतून चांगलं विकर निघतं, हे मी वारंवार पाहिलंय. आता मात्र वलयाचे मिलिमीटर मोजायचे, ओळख पटवायला सोळा-एस जनुकाचा क्रम काढायचा, शोधनिबंध छापायचा आणि मोकळं व्हायचं, अशी रीत पडली आहे. त्या जिवाणूला कारखान्याच्या उष्णतेत कुणी तपासत नाही. तो तिरक्या अगरवर फ्रिजमध्ये सुकतो आणि मार्गदर्शक निवृत्त झाला की नळी घासून धुतली जाते. मग पुढच्या वर्षीची तुकडी त्याच बांधावरून तोच बॅसिलस नव्याने 'शोधून' आणते!

विभागप्रमुखांना माझं सांगणं एवढंच: प्रत्येक प्रकल्पात एक तरी जिवाणू ९५ अंशांवर, साडेचार ते पाच सामूत, खऱ्या मक्याच्या स्टार्चवर तपासा. तिथे टिकला तर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात जमा करा, आणि मातीच्या पिशवीवर गावाचं नाव लिहायला विसरू नका.