रकान्याचा क्रमांक कोठून मोजावा?

गतवर्षी सहामाहीची प्रगतिपुस्तके वाटली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका विद्यार्थिनीचे वडील मजकडे आले. हाती मुलीची गणिताची उत्तरपत्रिका होती. तीवर गुण ८८, आणि प्रगतिपुस्तकात ५२! मुलगी रात्रभर रडली होती. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांचा यात काही दोष नव्हता; चूक माझ्या सूत्रात होती. हल्ली पुष्कळ विद्यार्थी व पालक संगणकावर एक्सेलमध्ये हिशेब ठेवतात, म्हणून ती येथे उलगडून सांगतो.

‘व्हीलुकअप’ या सूत्रास चार गोष्टी सांगाव्या लागतात: काय शोधावयाचे, कोणत्या कोष्टकात, सापडलेल्या ओळीतील कितव्या रकान्यातील मजकूर आणावयाचा, आणि जुळणी तंतोतंत हवी की कसे. घोटाळा होतो तो तिसरीपाशी.

माझ्या तक्त्यात ए रकान्यात अनुक्रम, बीमध्ये हजेरी क्रमांक, सीमध्ये नाव, आणि पुढे डी ते जीपर्यंत मराठी, हिंदी, इंग्रजी व गणित असे विषय होते. शोध हजेरी क्रमांकाने घ्यावयाचा, म्हणून कोष्टक बीपासून जीपर्यंत धरले. आता इंग्रजीचा क्रमांक कोणता? एफ हे सहावे अक्षर, म्हणून ६ लिहावे असे वाटते. परंतु मोजणी कोष्टकाच्या पहिल्या रकान्यापासून होते, पानाच्या कडेपासून नव्हे. बी म्हणजे १. त्याअर्थी इंग्रजी ५ व गणित ६. गणितासाठी ७ लिहिले असते तर कोष्टकाबाहेर गेल्यामुळे सूत्राने ‘रेफ’ ही त्रुटी तरी दाखविली असती. इंग्रजीसाठी ६ लिहिल्यास मात्र ते निमूटपणे गणिताचे गुण आणून ठेवते. लपविलेले रकानेही मोजणीत धरले जातात, हेही ध्यानी असावे.

मी ६ हा आकडा बरोबरच लिहिला होता. पुढे विज्ञानाचे गुण उशिरा आले, तेव्हा इंग्रजी व गणित यांच्यामध्ये एक रकाना घातला. कोष्टक आपोआप वाढले; हाताने लिहिलेला ६ मात्र तसाच राहिला, आणि गणिताच्या जागी विज्ञानाचे ५२ आले. दोन्ही विषयांत एकच आकडा, तरी मला शंका आली नाही!

यावर उपाय सोपा आहे. आकड्याच्या जागी ‘कॉलम्स’ हे सूत्र लिहून त्यात बी१ ते जी१ हा पट्टा द्यावा. ते ६ देते आणि मध्ये रकाना घातला की आपणहून ७ होते. ‘मॅच’ सूत्राने शीर्षकांच्या ओळीत ‘गणित’ हा शब्दच शोधविणे मला अधिक पसंत आहे. पट्टा मात्र बीपासूनच सुरू व्हावा, आणि शीर्षकामागे चुकून एखादी मोकळी जागा राहू नये. एक्सेलच्या २०२१च्या आवृत्तीत ‘एक्सलुकअप’ आहे. त्यास क्रमांकच लागत नाही. आमच्या कार्यालयातील आवृत्ती त्याहून जुनी आहे.

त्या मुलीचे प्रगतिपुस्तक तेव्हाच दुरुस्त केले, व साऱ्या वर्गाची परत मागविली. ज्यांचे विज्ञानाचे गुण गणिताहून अधिक होते, त्यांच्या घरून कोणीही तक्रार घेऊन आले नव्हते.