थरथरीचा तपास

यवतमाळच्या आर्णी मार्गावरील एका गॅरेजात, कापसाच्या हंगामात अहोरात्र राबणारी एक मालवाहू पिकअप तिच्या मालकाने आणून उभी केली, तेव्हा त्याची फिर्याद अशी होती की, दुसरीकडे प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलून घेतल्यापासून वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर गेला की सारी केबिन थरथरू लागते. नवे सामान घालूनही व्याधी बळावावी, याचा त्याला झालेला संताप रास्तच होता. परंतु मिस्त्रींनी पान्याला हात न लावता आधी गाडीची किल्ली मागून घेतली.

मोकळ्या रस्त्यावर त्यांनी जो तपास केला, तो एखाद्या जाणत्या वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकाच शांत होता. वेग तोच राखून त्यांनी गिअर बदलला. इंजिनाचे फेरे उतरले, थरथर मात्र तशीच राहिली. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तरीही थरथर हटेना. एवढ्यावरून इंजिन आणि क्लच संशयातून मुक्त झाले. उरली चाके आणि शाफ्ट. ताशी ऐंशीच्या वेगाला अशा गाडीचे चाक सेकंदाला सुमारे दहा फेरे घेते, तर शाफ्ट, मागच्या डिफरन्शियलमधील दातांच्या प्रमाणामुळे, सुमारे चाळीस. म्हणून पुढच्या चाकाचा दोष स्टिअरिंगमधून जाड हादऱ्याने हाताला कळतो आणि शाफ्टचा दोष बैठकीखालून बारीक गुणगुणत येतो. येथे स्टिअरिंग स्थिर होते.

क्रॉसच्या सांध्याचा स्वभावच असा, की तो कोनात फिरला म्हणजे पुढच्या दांड्याला प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करायला लावतो व दोनदा मागे खेचतो; दहा अंशांच्या कोनाला हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने अभ्यासलेली ही विषमता दुसरा सांधा नाहीशी करतो खरी, पण दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, एका प्रतलात असतील आणि दोन्ही कोन समान असतील, तरच.

गाडीखाली उताणे पडून मिस्त्रींनी बॅटरीचा झोत टाकला, आणि मलाही ते उघड दिसले: मागच्या दांड्याचा एक योक उभा, तर दुसरा किंचित कललेला. सरकत्या जोडाच्या खाचा बसवताना एकदोन दात चुकले होते.

“निशाण मारलं नाही अन् खोलला, मंग थरथर येनारच नं, भाऊ,” ते मालकाला म्हणाले. त्या स्वरात दूषण नव्हते, हळहळ होती, आणि मला ती योग्य वाटली, कारण खडूची एक रेघ ओढली असती तर या गरीब शेतकऱ्याची ऐन हंगामातली खेप बुडाली नसती.

रॉकेलने मळ पुसताच कारखान्याचे मूळ बाण उमटले. ते समोरासमोर आणून शाफ्ट पुन्हा बसवण्यापूर्वी, नळीवर तोल साधण्यासाठी जोडलेल्या लोखंडी चकत्या जागेवर आहेत की नाहीत, याचीही त्यांनी बोटांनी खातरजमा केली. पुन्हा रस्त्यावर नेल्यावर साठ ओलांडूनही केबिन स्थिर राहिली. मात्र भरल्या गाडीने जागेवरून उठताना जो क्षणिक हादरा बसे, तो कायम होता. त्याचा उगम मधल्या बेअरिंगच्या फाटलेल्या रबरात निघाला, आणि ते बदलल्याखेरीज कापूस भरू नये, असे मिस्त्रींनी मालकाला निक्षून बजावले.