चाकाच्या पोटातली वीज

सायकलचा बाटलीसारखा डायनामो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची चक्री टायरला टेकून फिरते. पण गुहागरच्या पावसात टायर चिखलाने माखला, की चक्री घसरते. अंधारात घरी परतणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवा मग नेमका गरजेच्या वेळी मंदावतो.

पुढच्या चाकाच्या हबमध्येच डायनामो असला तर ही अडचण राहत नाही. इंग्लंडमध्ये असे हब १९३६ मध्ये बाजारात आले. आस चिमट्यात घट्ट आवळलेला असतो, म्हणून त्यावरची तारेची गुंडाळी स्थिर राहते. तिच्याभोवती चुंबके चाकाबरोबर फिरतात. गुंडाळीतले चुंबकीय क्षेत्र सतत बदलते आणि वीज निर्माण होते. हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले.

तो बसवायचा तर जुना हब काढून नव्याभोवती स्पोक पुन्हा विणावे लागतात. हा हब जाड, म्हणून स्पोक आखूड लागतात. मग दोन तारा चिमट्यावरून दिव्याकडे न्यायच्या. दिवा सहसा ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो.

आता चाक अधांतरी धरून सारख्याच जोराने दोनदा फिरवू या; एकदा दिवा जोडून, एकदा तार सोडवून. दिवा जोडलेला असताना चाक लवकर थांबते. मग ही वीज खरोखर फुकट मिळते का? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.